रॅकचा हप्ता आणि मदतनीसाचे चारशे रुपये

कराडहून ऑर्केस्ट्रातल्या एका ड्रमरचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. वय ३१, महिन्याला सरासरी ९ कार्यक्रम, एका कार्यक्रमाचे २,५०० रुपये. पत्नी खासगी शाळेत शिकवते, पगार १८,०००. भाडं धरून घरखर्च ३३,०००. बचत खात्यात ६२,००० आहेत आणि क्रेडिट कार्डावर ३०,००० थकलेत. दर महिन्याला ते किमान रक्कम तेवढी भरतात. स्टेजवर जागा पुरत नाही, स्टँडचे पाय एकमेकांत अडकतात, म्हणून टॉम (छोटे ड्रम), सिंबल (झांजा) आणि ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) एकाच पाइपवर बसवणारा छोटा रॅक घ्यायचाय. क्लॅम्पसकट (वाद्यं पाइपला धरणाऱ्या पकडी) किंमत ३८,०००, बिनव्याजी १२ हप्ते. रॅक आला की जोडणीसाठी न्यावा लागणारा मुलगा लागणार नाही, त्याचे दर कार्यक्रमाचे ४०० रुपये वाचतील आणि त्यातूनच हप्ता सुटेल, असा त्यांचा हिशोब. ‘घेऊ का?’ असं विचारलंय.

वस्तू चांगली आहे, हे आधी मान्य करतो. १९८० च्या दशकात पर्ल कंपनीने टोटो बँडच्या जेफ पोर्कारोला सोबत घेऊन रॅक बनवला, तेव्हापासून फिरतीवरच्या ड्रमरांना त्याचं मोल ठाऊक आहे. जमिनीवरचे पाय कमी होतात. मेमरी लॉक, म्हणजे क्लॅम्पची जागा पक्की करणाऱ्या कड्या, एकदा कसले की प्रत्येक क्लॅम्प दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसतो. माझा भाचा वाजवतो. गेल्या रविवारी त्याच्या गच्चीवर रॅक उभा करताना मी घड्याळ लावून बसलो होतो, आणि वेळ खरोखर वाचतो. पण तुमचा हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा), किकचा म्हणजे बास ड्रमचा पेडल आणि बहुधा स्नेअर ड्रमसुद्धा जमिनीवरच राहणार. रॅकवर जाणार ते दोन टॉम, दोन-तीन सिंबल आणि ऑक्टोपॅड. ३८,००० रुपये तेवढ्यासाठी आहेत.

आता मदतनीसाचे ४०० रुपये. तुमच्या हिशोबात ९ कार्यक्रमांचे ३,६०० वाचतात आणि हप्ता ३,१६७, म्हणजे वर ४३३ रुपये हातात. पण तुम्हीच लिहिलंय की महिन्यातल्या चार कार्यक्रमांत किट ऑर्केस्ट्राच्या मालकाचं असतं आणि ते आधीच लागलेलं असतं. त्या दिवशी तुमचा रॅक घरी आणि मुलगाही घरी. उरले पाच, म्हणजे २,०००. त्यातही यात्रेच्या गावात टेम्पोपासून स्टेजपर्यंत बास ड्रम, स्टूल आणि आता हा लोखंडी सांगाडाही कोण वाहणार? अर्ध्या ठिकाणी तो मुलगा लागणारच. मी वाचणारी रक्कम महिन्याला १,००० धरतो. त्या वेगाने रॅकचे पैसे निघायला तीन वर्षं लागतील.

‘बिनव्याजी’ या शब्दावर थोडं थांबू. रोख दिले तर दुकानदार २,५०० सोडायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रॅकची खरी किंमत ३५,५०० आणि वरचे २,५०० हे व्याजच. १२ हप्त्यांवर हा दर वर्षाला पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. दर फार वाईट नाही, पण शून्यही नाही.

मला खरी भीती वाटते ती चातुर्मासाची. मंडळांचे कार्यक्रम सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, आणि गणपती व नवरात्र यांच्यामध्ये पितृपक्ष येतो. रिकाम्या महिन्यात तुम्हाला दोन-तीन कार्यक्रम मिळतात, म्हणजे फार तर ७,५००. पगार धरून साडेपंचवीस हजार आणि खर्च ३३,०००. कार्डावरचे ३०,००० असेच साठले असणार. हप्त्याला पितृपक्ष कळत नाही. तो पुन्हा त्याच कार्डावरून जाईल.

म्हणून रॅकच्या आधी कार्ड. स्टेटमेंट पाठवलंत ते बरं केलंत, त्यावर दर महिना साडेतीन टक्के लिहिलाय. ३०,००० वर १,०५० व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी १८९, असे महिन्याला १,२३९ रुपये जातात. आणि तिकडे ६२,००० बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून! हाताशी पैसा असला की धीर वाटतो, हे समजतं मला. पण या धीराची किंमत फार झाली. आज उद्या करू नका, ३०,००० एकरकमी भरून टाका.

रॅक ‘धंद्याचा खर्च’ दाखवून कर वाचेल का, हेही विचारलंत. अशा साहित्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण तो करपात्र उत्पन्नातून वजा होतो. तुमची वर्षाची कमाई २ लाख ७० हजार आणि नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. ज्याच्यातून वाचवायचं तेच नाही.

पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की एका मित्राकडे जुना आडवा पाइप आणि चार क्लॅम्प आहेत, ७,५०० ला देतोय. माझ्या मते तुमचं उत्तर तेच आहे. तुमचे दोन दणकट बूम स्टँड (आडव्या दांड्याचे सिंबल स्टँड) आहेतच. त्यांच्यामध्ये हा पाइप कसला की टॉम आणि ऑक्टोपॅड त्यावर येतात, दोन-तीन स्टँड कमी होतात आणि पुढची जागा मोकळी होते. हा घ्या, आणि गणपतीच्या आधीच घ्या, कारण उपयोग तेव्हाच आहे. कार्ड फेडून आणि पाइप घेऊन खात्यात २४,५०० राहतील. हे महिन्याच्या खर्चापेक्षाही कमी आहेत, म्हणून गणपती-नवरात्राच्या जादा कमाईतला रुपयाही दुसरीकडे वळवू नका. कार्डाचं वाचलेलं व्याज सहा महिन्यांत पाइपचे पैसे भरून काढतं.

घेताना पाइपचा व्यास मोजा. जिब्राल्टर कंपनीचा पाइप दीड इंची गोल असतो, पर्लच्या रॅकचा चौकोनी. एकाचे क्लॅम्प दुसऱ्याला बसत नाहीत, आणि उद्या एकेक क्लॅम्प वाढवायला गेलात की तो खर्च बोचतो. ऑक्टोपॅडचा क्लॅम्प स्टँडच्या बारीक पाइपसाठी असेल तर जाड पाइपवर मिटणार नाही, तो सोबत नेऊन लावून बघा. बोल्टचे आटे झिजलेत का तेही बघा. आणि तुमच्या वॅगन-आरची मागची सीट न पाडता पाइप आत जातो का, हे मित्राच्या दारातच पाहून घ्या.