जेटिंगच्या आधी बाहेरचं चेंबर शोधा

ताई, देवपूरच्या घराबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या कॉलनीचे ते दिवस आठवून पोटात गोळा आला. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की खालच्या मोरीतून काळं पाणी वर येतं. अंगणातले दोन्ही चेंबर काठोकाठ भरलेत. प्लंबरने कामट्या घालून हात टेकले आणि आता एक जण जेटिंग करून, म्हणजे प्रेशरने पाणी मारणाऱ्या मशीनने, लाईन मोकळी करून देतो म्हणतोय. तुमचा प्रश्न एवढाच, की त्या प्रेशरने जुने पाईप फुटतील का. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून बाहेरचं चेंबर कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. पाईप फुटण्याची काळजी नंतर करू. ते चेंबर सापडल्याशिवाय मशीनवाल्याला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

आधीच सांगतो, मी इंजिनीअर नाही. आमच्या रो-हाऊस कॉलनीचा सचिव म्हणून हे काम अंगावर आलं, त्यातून जे कळलं तेवढंच लिहितोय. तुमची लाईन मी पाहिलेली नाही, तेव्हा जाणकार माणसाला जागेवर दाखवून मगच ठरवा. आमचं गाव खान्देशातलंच, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

जेटिंगच्या नोझलची, म्हणजे नळीच्या टोकाच्या तोटीची, भोकं मागच्या बाजूला तिरकी असतात. त्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या रेट्याने नोझल पुढे सरकतं, होसला, म्हणजे मशीनच्या लांब नळीला, ओढून नेतं, आणि सुटलेला गाळ पाण्याबरोबर मागे येतो. म्हणजे होस ज्या चेंबरातून घातला त्याच चेंबरात घाण येणार. म्हणून होस घालायचा तो उताराच्या खालच्या, रिकाम्या चेंबरातून, घराच्या दिशेने वर. घाण तिथे जमते आणि उपसून काढता येते. याच्या उलट, वरच्या भरलेल्या चेंबरातून मशीन चालू केलं आणि पुढची वाट बंद असली, तर मिनिटाला 50 लिटर पाणी आत जातं आणि ते निघतं घरातल्या मोरीतून.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. रस्त्याच्या काँक्रीटीकरणात आमच्या लाईनीचं शेवटचं चेंबर झाकणासकट गाडलं गेलं. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, वापर कमी, त्यामुळे लगेच लक्षात आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घराघरांत पाणी उलटायला लागलं तेव्हा पालिकेच्या कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, “तुमची आतली लाईन चोक आहे, आधी ती साफ करून घ्या, मग आमचा माणूस येईल.” वर्गणी काढली, खासगी जेटिंग केलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग परत तेच. आता कळतं की तो आराम खोटा होता. लाईन उपसली गेली होती आणि ती पुन्हा भरेपर्यंतच आम्हाला सवड मिळाली होती. पुन्हा कार्यालय, पुन्हा तेच उत्तर. बाहेरचं चेंबर दाखवा म्हटलं तर लाईनीचा नकाशाच नाही म्हणाले.

शेवटी त्यांनी त्यांची मोठी गाडी पाठवली. ऑपरेटरला जे पहिलं उघडं चेंबर दिसलं, त्यात त्याने होस घातला. ते चेंबर कॉलनीतल्या सगळ्यात सखल घराच्या अंगणात होतं. खालची बाजू आधी शोधा, असं आम्ही सगळे ओरडून सांगत होतो. त्याचे साहेब फोनवरून सांगत होते, “प्रेशर वाढव, निघेल.” त्या घरात म्हातारं जोडपं राहायचं. मोरीतून आणि संडासच्या भांड्यातून काळं पाणी फसफसत वर आलं, बघता बघता स्वयंपाकघरात शिरलं. वर्षभराची दादर ज्वारी पोत्यांत भरून भिंतीला लावलेली होती. पोत्यांच्या तळाला वीतभर ओलीची काळी रेघ चढली. आजी मला म्हणाल्या, “आते काय करानं भाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती सगळी दादर फेकावी लागली. नुकसानीचा पंचनामा करा म्हटलं तर कार्यालयाने सांगितलं, घराची लेव्हल खाली आहे, आमची जबाबदारी नाही. ज्या माणसाने फोनवरून प्रेशर वाढवायला लावलं, तो त्या घरात डोकावलासुद्धा नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझा संताप कमी होत नाही.

चेंबर सापडलं ते एका जेटिंगवाल्या पोराच्या डोक्याने. त्याने शेवटच्या दिसणाऱ्या चेंबरातून पाणी न सोडता नुसता होस आत सरकवला. जिथे अडला तिथे होसवर चिकटपट्टी लावली, बाहेर काढला आणि त्याच रेषेत रस्त्यावर अंथरून खडूने खूण केली. मग रस्ता फोडण्याची परवानगी घ्यायची होती. चेंबर त्यांनी गाडलेलं आणि रस्ता फोडण्याची अनामत रक्कम मात्र आम्ही भरायची! भरली. काँक्रीटखाली झाकणाचे तुकडे निघाले आणि चेंबर खडीने, सिमेंटच्या घट्ट झालेल्या राडारोड्याने भरलेलं. एवढं लक्षात ठेवा, ताई. तेल, साबणाचा चिकटा, केस, गाळ, झाडाची बारीक मुळं हे जेटिंगने निघतं. घट्ट झालेलं सिमेंट निघत नाही, ते छिन्नीनेच फोडावं लागतं. घरात फरशी बसवताना मिस्त्री ग्राउटचं, म्हणजे फरशीच्या सांध्यात भरायच्या सिमेंटचं, पाणी मोरीत ओतत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

तुमच्यासाठी कार्यालयाकडचं हत्यार सांगतो. तोंडी तक्रार करू नका. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, आवक क्रमांकाची पोच घ्या. त्याचबरोबर माहिती अधिकार कायदा 2005 खाली 10 रुपयांचा अर्ज करून त्या रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्त्याची उंची वाढली की चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यावी लागतात, आणि अंदाजपत्रकात बऱ्याचदा ती वेगळी बाब धरलेली असते. आमच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात ती होती. तो कागद टेबलावर ठेवल्यावर ‘तुमची आतली लाईन’ हे पालुपद बंद झालं.

तुमच्या मूळ प्रश्नाच्या आधी एक गोष्ट. बिघाड कुठे आहे ते चेंबर उघडल्यावरच कळतं. वरचं भरलेलं आणि खालचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. सगळेच भरलेले असतील, तुमच्यासारखे, तर अडथळा शेवटच्या दिसणाऱ्या चेंबरच्या पुढे. सगळे रिकामे आणि एकच मोरी तुंबत असेल तर मशीनची गरजच नाही, ट्रॅप (मोरीखालचा, पाणी साठून वास अडवणारा वाकडा भाग) साफ करा. चेंबर उघडलं की वाकून आत बघू नका, बाजूला होऊन हवा खेळू द्या. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो, आणि तेव्हाच तो वायू जीव घेतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. शाबूत पाईप प्रेशरने सहसा फुटत नाही. घरगुती 4 इंची लाईनला 1500 ते 3000 पीएसआय (दाबाचं माप) पुरतं. प्रेशरपेक्षा मशीन मिनिटाला किती लिटर पाणी फेकतं ते विचारा. गाडी धुण्याच्या पंपाचा दाबही 100 बारच्या पुढे, म्हणजे साधारण 1450 पीएसआय असतो, पण पाणी मिनिटाला जेमतेम 6-7 लिटर. त्याने गाळात नुसतं भोक पडतं, गाळ वाहून जात नाही, आणि आठवड्याने परत तुंबतं. खरं मशीन मिनिटाला 40-50 लिटर फेकतं, म्हणजे तासाला 3000 लिटरपर्यंत पाणी लागतं. पिण्याचं पाणी त्यात घालवू नका, बोअरचं किंवा टँकरचं ठरवा, आणि पाणी कोण आणणार ते दर ठरवतानाच बोलून घ्या.

भीती आहे ती आधीच तडकलेल्या पाईपांची. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जुन्या चिनी मातीच्या पाईपांचे सिमेंटचे जोड त्या ओढाताणीत सुटतात, मग कडुनिंब-उंबराची मुळं ओल शोधत आत शिरतात. अशा जागी नोझल थांबलं तर पाण्याने बाहेरची माती धुपून पोकळी होते. म्हणून मशीन चालू असताना एका माणसाने खालच्या चेंबरजवळ उभं राहून येणाऱ्या पाण्यावर नजर ठेवावी. काळा चिकट गाळ येतोय तोवर ठीक. ताजी माती, मुरूम किंवा खापराचे तुकडे यायला लागले की तिथल्या तिथे बंद करायला सांगा. तिथे खोदून जोड बदलणं हाच उपाय. मुळं नुसती कापली तर पुन्हा वाढतात.

लाईन मोकळी झाली की कॅमेरा घालून बघितलेलं उत्तम. तो नसेल तर एका चेंबरात टॉर्च आणि दुसऱ्यात आरसा धरा, मात्र वरूनच, काठीला बांधून. लाईन सरळ आणि मोकळी असेल तर आरशात पाईपचा पूर्ण गोल दिसतो. अर्धा दिसला तर गाळ उरलाय किंवा पाईप खचलाय. हे तपासल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

तुमच्या प्लंबरने ॲसिड ओतलं असेल तर मशीनवाल्याला आधीच सांगा, फवारा त्याच्या अंगावर उडतो. ॲसिडनंतर ब्लीचिंग तर मुळीच टाकू नका, क्लोरीन वायू होतो. काम चालू असताना मोरीच्या जाळीवर आणि संडासच्या भांड्यावर ओलं गोणपाट टाकून वजन ठेवा, जमिनीवरचं धान्य उचलून घ्या, घरात एक माणूस फोन घेऊन उभा ठेवा आणि पाणी वर येताना दिसलं की मशीन बंद करायला लावा. नंतर प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओता. जेटिंगच्या ओढीने ट्रॅपमधलं पाणी निघून जातं आणि मग घरभर वास सुटतो. भरताच्या आणि शेवभाजीच्या भांड्यांचं तेल कागदाने पुसून मग घासा. थंडीत तेच तेल पाईपमध्ये थिजतं, आणि भांडी राखेने घासत असाल तर राख त्याला चिकटून थर घट्ट होतो.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. कुणी म्हणालं की माणूस खाली उतरवून काढून देतो, तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण पैशाचं सोडा, आपल्या घरची घाण काढताना कुणाचं पोर जाता कामा नये. तक्रारीसाठी 14420 हा हेल्पलाईन क्रमांक आहे.

दुसऱ्या चेंबरपासून रस्त्यापर्यंत किती फूट अंतर आहे आणि त्या चेंबरातला बाहेर जाणारा पाईप कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ते मोजून इथे लिहा. फोटोही टाका. शेजारच्या घरांची लाईन त्याच बाजूला जाते का तेही विचारून ठेवा. त्यावरून रस्त्यात नेमकं कुठे खूण करायची याचा अंदाज सांगता येईल.