पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीत आल्यावर पासपोर्ट, पगारपत्रक, आधार कुणाला द्यावं आणि कुणाला नाही?

तुम्ही विचारलंय त्याचा सारांश असा: नोकरी लागली, जर्मनीत पोचलात, घर अजून नाही. जो तो पासपोर्टची प्रत, पगारपत्रक आणि 'शुफा' (देणी वेळेवर फेडता का याचा दाखला) मागतोय. भारतातलं सिम, आधार, बँक मागे तसंच राहिलंय. एक मित्र म्हणतो, युरोपातला डेटा संरक्षणाचा कायदा (जीडीपीआर) कडक आहे, बिनधास्त द्या. दुसरा म्हणतो, सगळंच विकलं जातं, काही देऊ नका.

दोघांचंही अर्धंच खरं आहे. कायदा कडक आहेच, पण तुम्ही आपल्या हाताने मेल केलेली पीडीएफ तो परत आणून देत नाही. नव्याने आलेल्या माणसाची माहिती मुख्यतः दोन भोकांतून गळते: घर शोधताना पाठवलेले कागद, आणि घरी कपाटात पडलेला भारतीय मोबाइल नंबर. कुकीजची चिंता नंतर करा.

आधी घर. घर बघायला जाण्यापूर्वी मालकाला तुमचं नाव आणि संपर्क एवढंच लागतं. बघून झालं, तुम्ही 'हवंय' म्हणालात, की नोकरी, पगार, राहणारी माणसं किती हे तो विचारू शकतो. पगारपत्रक आणि शुफा अगदी शेवटी, करार तुमच्याशीच करायचं ठरत आल्यावर. जर्मनीतल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या परिषदेनेही हाच क्रम सांगितला आहे. धर्म, गरोदरपण, राजकीय पक्ष हे विचारायचा मालकाला अधिकारच नाही, आणि अशा प्रश्नाला खोटं उत्तर दिलं म्हणून करार मोडता येत नाही.

हे झालं पुस्तकातलं. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये एकेका घरामागे अर्जांचा ढीग असतो. तिथे तत्त्वावर अडून बसलात तर घर दुसऱ्याला जातं. म्हणून माझं मत: द्या, पण झाकून द्या.

पासपोर्टचं फक्त फोटोचं पान द्यायचं. भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान कुणालाही पाठवू नका. त्यावर आई-वडिलांची नावं, जोडीदाराचं नाव आणि भारतातला पत्ता असतो, आणि बँकेच्या फोनवर ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात. फोटोच्या पानावर नाव, फोटो, राष्ट्रीयत्व दिसू द्या. पासपोर्ट क्रमांक आणि सही झाका. इथे बहुतेकांची एक चूक होते: वरचा क्रमांक झाकतात आणि खालच्या, बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी तशाच ठेवतात. त्या यंत्राने वाचायच्या ४४-४४ अक्षरांच्या ओळी आहेत. दुसऱ्या ओळीची पहिली ९ अक्षरं म्हणजे तोच पासपोर्ट क्रमांक, पुढे जन्मतारीख, मग मुदत संपण्याची तारीख. म्हणजे दार लावलं आणि खिडकी सताड उघडी. त्या दोन्ही ओळी पूर्ण झाका, आणि पानावर तिरकं, फोटोला स्पर्श होईल असं लिहा: 'प्रत, फक्त अमुक पत्त्यावरच्या घराच्या अर्जासाठी' आणि तारीख. जर्मनमध्ये लिहिलंत तर उत्तम.

झाकण्याची पद्धतही महत्त्वाची. फोनमधल्या हायलायटरने काळं केलंत तर ते पूर्ण काळं होत नसतं. फोटोची चमक वाढवली की खालचे आकडे उमटतात. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर मजकूर खाली तसाच राहतो, माउसने ओढून कॉपी करता येतो. भरीव काळा चौकोन टाका, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्क्रीनशॉटच पाठवा. कागदावर करणार असाल तर मार्करपेक्षा कागदाची पट्टी चिकटवून स्कॅन करा, मार्करमधून स्कॅनरला बऱ्याचदा दिसतं.

पगारपत्रकाकडे लोक नीट बघतच नाहीत. जर्मन पगारपत्रकावर ११ आकडी कर-क्रमांक, सामाजिक विमा क्रमांक, करवर्ग, चर्च-कराचा रकाना, आरोग्य विमा कंपनी आणि बँक खातं एवढं सगळं असतं. सामाजिक विमा क्रमांक १२ अक्षरी असतो आणि त्याच्या पोटात तुमची जन्मतारीख सहा आकड्यांत सरळ लिहिलेली असते. मालकाला हवं असतं ते तुमचं नाव, कंपनीचं नाव, महिना आणि हातात येणारी रक्कम. बाकी सगळं काळं. यावर कुणी आक्षेप घेतला तर तो मालक खरंच मालक आहे ना, हे आधी तपासा.

कारण फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी, फोटो मासिकातल्यासारखे, मालक 'सध्या परदेशात', किल्ली कुरिअरने येणार, त्याआधी पासपोर्ट आणि अनामत पाठवा. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून), आणि तीही तीन हप्त्यांत देता येते, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घर बघण्याआधी पैसे मागणारा मालक नसतोच. ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे जाण्यापूर्वी खात्यावरचं नाव जुळतंय का ते दाखवावं लागतं. 'नाव जुळत नाही' असं आलं तर तिथेच थांबा.

पैशांपेक्षा जास्त नुकसान दुसऱ्या प्रकारात होतं. 'ओळख पटवायला' किंवा 'ॲप तपासण्याच्या घरबसल्या कामासाठी' व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट हलवून दाखवायला लावतात. तुम्हाला वाटतं चाचणी चाललीय, प्रत्यक्षात तुमच्या नावाने खरंखुरं बँक खातं उघडलं जात असतं, आणि त्यातून चोरीचे पैसे फिरतात. असं झाल्याचा संशय आला तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार करा (राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही होते), बँकेला कळवा आणि त्या तक्रारीची प्रत जोडून शुफाकडे ओळखचोरीची नोंद करा.

उलट ज्याला आपण उगाच घाबरतो ती गोष्ट म्हणजे खातं क्रमांक. जर्मन आयबान २२ अक्षरांचा असतो आणि तो इथे लोक बिलावर छापतात. कुणी तुमच्या खात्यातून परस्पर वसुली केलीच, तर ती ८ आठवड्यांच्या आत कारण न देता परत फिरवता येते, आणि मुळात परवानगीच दिली नसेल तर १३ महिन्यांपर्यंत. महिन्यातून एकदा खात्याचा उतारा वाचला की पुरे.

शुफाबद्दल थोडक्यात. ही सरकारी संस्था नाही, वीसबाडेनमधली खाजगी कंपनी आहे. आपल्या सिबिलची मावशी म्हणा. मालकाला देण्यासाठीचं छोटं प्रमाणपत्र ती विकते, आणि जीडीपीआरच्या कलम १५ खाली तुमच्या सगळ्या नोंदींची प्रत फुकट देते. फुकट प्रतीची वाट संकेतस्थळावर जरा कोपऱ्यात असते, 'डाटेनकोपी' हा शब्द शोधा. पण ती फुकट प्रत जशीच्या तशी मालकाला देऊ नका. त्यात तुमची खाती, कार्डं, करार सगळं असतं. ती तुमच्या डोळ्यांसाठी आहे, चुका शोधायला. नुकतेच आला असाल तर त्यात काहीच नसेल. ते वाईट नाही, मालकाला नोकरीचा करार दाखवा.

घर मिळालं की राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक पानी दाखला लागतो, भाडेकरार नाही. भाडेकरार नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर द्यायची गरज नाही. अर्जात धर्माचा रकाना आहे. हा कुतूहलाचा प्रश्न नाही, कराचा आहे: चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की आयकराच्या ९ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यांत ८ टक्के) चर्च-कर पगारातून कापला जातो. वसईहून किंवा गोव्याहून आलेल्या कॅथलिक मंडळींनी हे ठरवून लिहावं, सवयीने नको. कर घेणाऱ्या कुठल्याच धर्मसंस्थेचे सदस्य नसाल तर 'नाही' लिहा.

त्याच खिडकीवर आणखी एक काम फुकटात होतं, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. राजकीय पक्ष, पत्तापुस्तकांचे प्रकाशक वगैरेंना तुमचा पत्ता देऊ नये असा आक्षेप नोंदवता येतो. एक पानाचा अर्ज आहे, 'उबरमिटलुंग्सश्पेरं' म्हणा, समजतात. मात्र याने सगळं बंद होत नाही. तुमचं नाव आणि ओळख पटण्याइतका तपशील ज्याच्याकडे आहे, तो माणूस शुल्क भरून तुमचा सध्याचा पत्ता काढू शकतो. तेही थांबवायचं तर जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असल्याचं दाखवावं लागतं. मंजूर झालं तर ती बंदी चार वर्षं चालते, पुढे वाढवून घ्यावी लागते. मागे लागलेला जुना नवरा किंवा जोडीदार असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिना १८.३६ युरो. घाबरू नका, माहिती फुटलेली नाही. नोंदणी कार्यालय ती कायद्यानेच पाठवतं. चार जण एका घरात असाल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावाच. नाव नसेल तर कर-क्रमांकाचं पत्र परत जातं आणि मग पगारातून जबर कर कापला जातो. २०१८ मध्ये व्हिएन्नात गोपनीयतेपायी सुमारे २,२०,००० सरकारी घरांच्या घंट्यांवरची नावं काढायचं ठरलं होतं. तो किस्सा ऐकून इथे नाव काढू नका.

आता कपाटातलं सिम. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि शिल्लकही नसेल तर तो बंद होतो, आणि काही काळाने दुसऱ्या कुणालातरी मिळतो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर. खात्यात २० रुपये असतील तर नंबर टिकवायला ते कापले जातात, पण त्यावर विसंबू नका. लांब मुदतीचा रिचार्ज टाका, तारीख कॅलेंडरमध्ये लिहा. सिम आपल्याबरोबरच ठेवा, फोनच्या दुसऱ्या खाचेत, डेटा रोमिंग बंद. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, नाहीतर एसएमएस येत नाहीत. परदेशी नंबरवर यूपीआय द्यायला २०२३ मध्ये सुरुवात झाली, तेव्हाच्या १० देशांत जर्मनी नव्हता, त्यामुळे भारतीय नंबर तुटला की व्यवहार अडकतात.

'सिम बाबांच्या फोनमध्ये, ओटीपी आला की ते फोनवर सांगतात' ही व्यवस्था घरोघरी आहे, आणि ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. ओटीपी फोनवर सांगायची सवय आपणच त्यांना लावतो. मग उद्या 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही ते सांगतात.

आधारसाठी, तो नंबर चालू आहे तोवर दोन कामं उरका. आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांच्या ठशांना आणि डोळ्यांच्या नोंदीला कुलूप लावा. परदेशात तुम्हाला ते लागत नाही, त्यामुळे कुलूप कायम राहू द्या. आणि जिथे प्रत द्यायची तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या. अधूनमधून आधार कुठे वापरलं गेलं याचा इतिहास बघा. संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या. बँक 'कर कुठल्या देशात भरता' हे विचारेल आणि खात्याचा तपशील दोन्ही सरकारांतल्या करारानुसार जर्मन कर खात्यालाही पोचेल. इथे गोपनीयतेचा मुद्दा चालत नाही. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याचं खातं) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'व्हिसाचा कागद बरोबर आहे का बघा' म्हणून पासपोर्टचा फोटो टाकू नका, शंका शब्दांत विचारा. गणपतीतल्या फोटोंत दुसऱ्यांची मुलं असतील तर आई-बाबांना विचारूनच टाका. इथे स्वतःच्या चित्रावरचा हक्क १९०७ पासून कायद्यात आहे, आणि जर्मन पालक तो वापरतात.

ज्या घरांना नकार आला त्यांना आठवड्याभराने दोन ओळींचा मेल करा: जीडीपीआरच्या कलम १५ नुसार माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा, आणि कलम १७ नुसार अर्जाचे कागद खोडा. उत्तराला एक महिना मिळतो. आलं नाही तर तुमच्या राज्याच्या डेटा संरक्षण कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करा. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही नाही. बायर्नमध्ये राहत असाल तर खाजगी मालक आणि कंपन्यांसाठीचं हे कार्यालय म्युनिकला नाही, आन्सबाखला आहे.