जानेवारीत, एकट्याने, सहा हजार मीटरवर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : स.न.वि.वि. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. वय २७. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स ‘ए’ श्रेणीत पूर्ण केला आहे, सह्याद्रीतले बरेच किल्ले पाहिले आहेत आणि गेल्या डिसेंबरात केदारकांठा हे शिखरही केले. गढवालमधले सहा हजार मीटरच्या आसपासचे, फारसे कोणी न जाणारे एक शिखर मनात आहे. जानेवारीत भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की मला पंधरा दिवसांची रजा मिळू शकते. दुसऱ्यांनी लावलेल्या दोरावरून रांगेत चढण्यात मला समाधान वाटत नाही. हे शिखर जानेवारीत पूर्णपणे एकट्याने करावे, असे वाटते. तयारी कशी करावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातली ओढ खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच आधी स्पष्ट सांगतो की येत्या जानेवारीत तुम्ही या शिखरावर एकट्याने जाऊ नये. तुमची हिंमत कमी आहे असे मला मुळीच वाटत नाही. माझा आक्षेप दुसऱ्या माणसाच्या अनुपस्थितीला आहे, कारण हिमनदीवरच्या सुरक्षिततेची जवळजवळ प्रत्येक पद्धत शेजारी दुसरा माणूस आहे असे गृहीत धरूनच तयार झालेली आहे.

बेसिक कोर्समध्ये तुम्ही दोराला बांधून घेऊन हिमनदीवर चालायला शिकलात. पुढचा माणूस बर्फाखाली झाकलेल्या भेगेत गेला, तर मागची माणसे बर्फावर अंग टाकून, आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) रोवून त्याला अडवतात आणि मग वर काढतात. एकट्या माणसाच्या दोराचे दुसरे टोक कोणाच्याच हातात नसते. हिवाळ्यात तर ताज्या, भुसभुशीत बर्फाने भेगांची तोंडे झाकली जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस उघड्या दिसणाऱ्या भेगा जानेवारीत सपाट मैदानासारख्या भासतात. हिमस्खलनाचेही तसेच आहे. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे त्याला वाचवू शकतो तो जागेवर हजर असलेला सोबतीच. गळ्यात अडकवलेला ट्रान्सीव्हर (गाडलेल्याची जागा कळवणारे छोटे रेडिओयंत्र) कितीही चांगला असला, तरी त्याचा संदेश ऐकून फावड्याने खणणारे कोणी नसेल तर त्याचा उपयोग नाही. उंचीच्या आजारात मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा स्वतःचा निर्णय सर्वांत आधी बिघडतो. त्याचे पाय लडखडत आहेत, तो असंबद्ध बोलतो आहे, हे दुसऱ्याच्याच लक्षात येते आणि त्याला हाताला धरून खाली आणणाराही दुसराच लागतो.

आता तुमच्या पंधरा दिवसांचा हिशेब पाहू. सोलापूरहून रेल्वेने दिल्ली, तिथून मोटारीने उत्तरकाशी आणि पुढे रस्त्याच्या शेवटापर्यंत जायला तीन दिवस लागतात आणि परतीलाही तितकेच, म्हणजे हातात उरतात नऊ. जानेवारीत वरचे रस्ते बर्फाने बंद असतात, त्यामुळे पायपीट उन्हाळ्यापेक्षा बरीच खालून सुरू होते. वरच्या वस्त्या हिवाळ्यासाठी खाली उतरलेल्या असतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा विरळ हवेशी जुळवून घेण्याचा सर्वमान्य नियम आहे. कागदावर हे गणित जेमतेम बसेल. पण एकट्याला तंबू, स्टोव्ह, इंधन, दोर आणि शिधा एका खेपेत नेता येत नाही, म्हणून तेच अंतर दोन किंवा तीन वेळा कापावे लागते, आणि तेही मांडीपर्यंतच्या बर्फात वाट फोडत. त्यात हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, येतात आणि त्यातला एखादा दोन-तीन दिवस बर्फ पाडून जातो. बर्फ थांबल्यावर लगेच उतारावर पाऊल टाकणे सर्वांत धोक्याचे, विशेषतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. तिथे थांबावेच लागते. तुमच्याजवळ थांबण्यासाठी एकही दिवस शिल्लक नाही. रजा संपत आली म्हणून वाईट हवेत वर निघण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तिथे तुम्हाला थोपवणारे कोणी नसेल.

परवानगीचाही विचार करावा लागेल. भारतातल्या शिखरांसाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे अर्ज करावा लागतो आणि त्याबरोबर वनखात्याची व स्थानिक प्रशासनाची परवानगी असावी लागते. तुमचे शिखर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असेल, तर उद्यानाचे दरवाजे ३० नोव्हेंबरला बंद होऊन १ एप्रिलला उघडतात, हे लक्षात घ्या. शेजारच्या नेपाळने तर एकट्याने शिखर चढण्यावर डिसेंबर २०१७ मध्ये बंदीच घातली. चोरून जाण्याचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका, कारण तुमचा शोध घ्यायला निघणाऱ्यांना तुम्ही कोणत्या खोऱ्यात आहात हेच ठाऊक नसेल.

तुम्ही कोणाचे नाव घेतलेले नाही, पण हिवाळ्यात एकट्याने चढलेल्यांच्या कथांनी तुमचे मन भारलेले असणार. त्या कथा पूर्ण वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. पोलंडचा क्रिश्तॉफ व्हिएलित्स्की ३१ डिसेंबर १९८८ रोजी ल्होत्सेच्या माथ्यावर एकटा पोहोचला, तोही दुखावलेल्या पाठीला पट्टा बांधून. हिवाळ्यातली ती त्या शिखरावरची पहिलीच चढाई होती. पण तो बेल्जियमच्या मोहिमेबरोबर गेला होता, खाली छावण्या होत्या, माणसे होती. एकटा होता तो वरच्या टप्प्यात. शिवाय त्याआधी १७ फेब्रुवारी १९८० रोजी लेशेक चिखीबरोबर त्याने एव्हरेस्ट हिवाळ्यात प्रथमच सर केले होते, म्हणजे त्याच्या पाठीशी हिवाळी चढाईचा अनेक वर्षांचा अनुभव होता. फ्रान्सचा जाँ-क्रिस्तॉफ लाफाय याने आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी अकरा केली होती. जानेवारी २००६ मध्ये तो मकालूवर एकटा वर गेला. सॅटेलाइट फोनवरून तो पत्नीशी बोलत असे. शेवटच्या छावणीतून माथ्याकडे निघाल्यानंतर तो पुन्हा बोलला नाही आणि सापडलाही नाही.

जपानच्या नाओमी उएमुराची कथा मला या सर्वांत महत्त्वाची वाटते. अलास्कातले ६,१९० मीटरचे देनाली त्याने १९७० मध्ये उन्हाळ्यात एकट्याने केले होते. पुढे १९७८ मध्ये तो कुत्र्यांच्या घसरगाडीवरून एकट्याने उत्तर ध्रुवावर गेला. एकटेपण आणि थंडी यांची इतकी सवय असलेला माणूस त्या काळात जगात क्वचितच असेल. भेगेत पडलो तर तोंडाशीच अडकून राहावे, म्हणून तो अंगाला लांब बांबू आडवे बांधून हिमनदीवर चाले. म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणी नाही, याचा त्याने पुरता विचार केला होता आणि त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, तो हिवाळ्यात एकट्याने देनालीच्या माथ्यावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याचा आवाज ऐकू आला आणि त्यानंतर काहीच नाही. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. पर्वत ओळखीचा होता, अनुभव अफाट होता, काळजीही घेतलेली होती. तरी उतरताना काहीतरी घडले आणि ते काय, हे सांगायला सोबत कोणी नव्हते. तुमच्याजवळ आज एक बेसिक कोर्स आणि एक केदारकांठा आहे, जिथे पुढे गेलेल्यांच्या पावलांची वाट होती. हे मी तुम्हाला हिणवण्यासाठी म्हणत नाही; तुमचे वय पाहता तुमच्याजवळ वेळ भरपूर आहे, आणि तो वापरावा यासाठी म्हणतो.

तो कसा वापरावा, तेही सांगतो. प्रथम ॲडव्हान्स कोर्स करा. ‘ए’ श्रेणी असल्याने तुम्ही त्यासाठी पात्र आहात. त्यानंतर मनालीजवळचे ५,२८९ मीटरचे फ्रेंडशिप किंवा तसेच एखादे शिखर मे-जूनमध्ये अथवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोघा-तिघांनी, पोर्टर न घेता, स्वतःचे ओझे स्वतः वाहून आणि स्वतःचा मार्ग स्वतः शोधून करा. रांगेत चढण्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर लहान संघात मिळते. त्यानंतरचा हिवाळा त्याच भागात, पण कमी उंचीवर, एका विश्वासू सोबत्याबरोबर घालवा. माथा गाठायचाच असे ठरवू नका, बर्फात आठ-दहा रात्री काढायच्या एवढेच ठरवा. हवा स्थिर असलेल्या दिवशी, हिमनदी नसलेल्या आणि धोक्याचे उतार नसलेल्या एखाद्या धारेवर तुम्ही एकटे जा आणि सोबत्याला तंबूत ठेवा. तुम्हाला हवा असलेला एकांत तिथे पुरेपूर आहे.

घरीही बरेच करता येईल. सोलापूरच्या उन्हात धावून दम वाढतो, विरळ हवेची सवय मात्र होत नाही. पण जाड मिटन (चार बोटांना एकच कप्पा असलेले हातमोजे) घालून क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांखाली बांधायच्या धातूच्या काट्यांचे, पट्टे आवळणे, डोळे बांधून तंबू उभारणे, मिटन न काढता स्टोव्ह पेटवणे हे गच्चीवर रोज करता येते, आणि उणे पंचवीस अंशांत हीच कौशल्ये बोटे वाचवतात. स्टोव्हबाबत एक तपशील अवश्य लक्षात ठेवा. बाजारातल्या साध्या डब्यांतला ब्यूटेन वायू शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूप होऊन बसतो, आयसोब्यूटेन सुमारे उणे बारापर्यंत साथ देतो. म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यात पंपाचा, द्रव इंधनावर चालणारा स्टोव्ह नेतात. त्या दिवसांत ओढे गोठलेले असतात आणि पाण्याचा प्रत्येक घोट बर्फ वितळवूनच मिळवावा लागतो. ताज्या बर्फाच्या दहा भांड्यांतून जेमतेम एक भांडे पाणी निघते आणि माणसाला दिवसाला निदान चार लिटर तरी लागते, म्हणजे थकून तंबूत आल्यावरही दोन-तीन तासांचे काम उरतेच. दोघे असले तर एकजण बर्फ खणतो आणि दुसरा स्टोव्ह सांभाळतो.

शिध्यात आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या. भाकरीत पाणी नसल्याने ती थंडीत दगडासारखी होत नाही, शेंगाचटणीत उष्मांक भरपूर असतात. फार उंचीवर मात्र तेलकट पदार्थ नकोसे होतात, तेव्हा गोड पेय आणि सूप यांची सोयही असू द्या.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. शिखराची उंची बारा महिने तीच असते. मग हिवाळ्यात तिथली हवा अधिक विरळ असते, असे गिर्यारोहक म्हणतात त्याला काही आधार आहे का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : आधार आहे. थंड हवा आकुंचन पावते आणि हवेचा अधिक भाग जमिनीजवळ दाटतो, त्यामुळे ठरावीक उंचीच्या वर शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि तिथला दाब उतरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर ऑक्टोबर १९८१ मध्ये पाऱ्याच्या स्तंभाचे २५३ मिलिमीटर इतका दाब मोजला गेला होता. समुद्रसपाटीला तो ७६० असतो. हिवाळ्यात त्याच माथ्यावर तो आणखी घसरतो, आणि तिथे प्राणवायू आधीच इतका तुटपुंजा असतो की थोडी घटही शरीराला जाणवते. ध्रुवाकडे गेल्यास हा परिणाम वाढतो, म्हणूनच देनाली त्याच्या प्रत्यक्ष उंचीपेक्षा अधिक उंच भासते. सहा हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही थोडा कमी असतो.

तरीही हिवाळ्यात जीव घेतो तो मुख्यतः वारा. पावसाळ्यात तिबेटच्या उत्तरेकडे सरकलेला जेट प्रवाह, म्हणजे फार उंचीवरून वाहणारा वेगवान वारा, हिवाळ्यात दक्षिणेकडे येऊन हिमालयावर स्थिरावतो. हवेचे तापमान उणे ३० अंश असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे ४९ अंशांइतके जाणवते आणि काही मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. हिमदंश झालेला भाग चोळू नये, शेकोटीवर धरू नये. तो पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात त्याला ऊब द्यावी. पाय एकदा ऊब देऊन सैल झाल्यावर त्यावर चालणे कठीण होते, म्हणून खाली उतरायचे असेल तर गोठलेल्या पायांनीच उतरणे कधी कधी बरे ठरते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हिवाळ्यात हिमालयात जाणार आहे. ऐकत नाही. त्याला परदेशातून सॅटेलाइट फोन मागवून द्यावा का, म्हणजे आम्हां घरच्यांना धीर राहील?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मागवू नका, ताई. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या लहान यंत्रांवरूनही विमानतळांवर लोकांना अटक झाली आहे. डोंगरात पोहोचण्याआधीच भाऊ अडचणीत येईल. परवानगीसह असे साधन मिळाले तरी त्यावर फार विसंबू नये, कारण जोरदार वाऱ्यात आणि पाच-सहा हजार मीटरवर हेलिकॉप्टर पोहोचेलच असे नाही.

त्यापेक्षा त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या : कोणते खोरे, कोणता मार्ग, कोणत्या तारखेला कोणत्या छावणीत, सोबत कोण, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. त्या कागदाची एक प्रत रस्ता संपतो तिथल्या पोलीस चौकीत आणि एक मुक्काम केलेल्या घरमालकाकडे त्याला ठेवायला सांगा. परतीची तारीख ठरवताना हवेसाठी चार-पाच दिवस जास्तीचे धरा, नाहीतर तो बर्फ थांबण्याची वाट पाहत तंबूत सुखरूप बसलेला असताना तुम्ही इकडे हवालदिल व्हाल. आणि तो एकटाच निघाला असेल, तर भांडण न करता त्याला एवढेच विचारा की सोबतीला कोणाला नेता येईल. गावात किंवा संस्थेत ओळखीचे कोणी नसेल, तर उत्तरकाशी किंवा मनाली इथे हिवाळ्यातही काम करणारे अनुभवी स्थानिक मार्गदर्शक मिळतात, त्यांच्यापैकी एकाचा खर्च सॅटेलाइट फोनच्या पैशांतून तुम्ही करू शकाल.