उरलेला एआरपीएचा पैसा: जुन्या ठरावावर मैदान करू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि मला २०२४ चा डिसेंबर आठवला. तुमच्या टाउनमध्ये जलवाहिनीचं काम स्वस्तात झालं, एआरपीएचे (कोविडच्या काळात अमेरिकी केंद्र सरकारने स्थानिक संस्थांना दिलेल्या मदतीचे) चाळीस हजार डॉलर उरले आणि काउन्सिलला त्यात मुलांचं मैदान करायचंय, कारण मैदानाचा ठराव २०२३ मध्येच झालाय. मीही अशाच एका छोट्या टाउनच्या फायनान्स ऑफिसात आहे. वकील नाही, तेव्हा तुमच्या टाउन ॲटर्नीला विचाराच.

त्या ठरावाला इथे काही किंमत नाही. पैसे 'ऑब्लिगेट' करायची, म्हणजे ठरावीक खर्चाला बांधून टाकायची, मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आणि ट्रेझरीच्या (अमेरिकी अर्थखात्याच्या) लेखी त्याचा अर्थ पैसे देणं बंधनकारक करणारा व्यवहार, जसं सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट किंवा दिलेली पर्चेस ऑर्डर. नुसती बजेटमधली तरतूद चालत नाही. आपल्याकडे प्रशासकीय मान्यता वेगळी आणि कार्यादेश वेगळा, तसंच. माझे वडील जिल्हा परिषदेत होते, मार्चअखेरची ही बोलणी मी लहानपणापासून ऐकली. तरी चुकले.

आम्हाला ज्येष्ठांच्या हॉलची हीटिंग बदलायची होती. ठराव एकमताने झाला आणि मी तक्त्यात 'ऑब्लिगेटेड' लिहून मोकळी झाले. पुढे शंका आली म्हणून आम्हाला मार्गदर्शन करणं ज्यांचं काम, त्या कार्यालयाला तीनदा ईमेल केला. तिन्ही वेळा तेच उत्तर, सोबत तीच पीडीएफ: मार्गदर्शक सूचना पाहाव्यात. ठराव पुरतो का, हो की नाही, एवढं एक वाक्य कुणी लिहिलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. खरं कळलं तेव्हा १९ डिसेंबर उजाडला होता, टेंडर काढून सही होणं शक्यच नव्हतं.

आमची सगळी रक्कम रेव्हेन्यू लॉसखाली होती, म्हणजे बुडालेल्या महसुलाची भरपाई, जी टाउनच्या नेहमीच्या खर्चाला चालते (एक कोटी डॉलरपर्यंत तसं सरसकट दाखवता येतं), म्हणून ती त्याच वर्षीच्या पोलिसांच्या पगारावर टाकली आणि परत करावी लागली नाही. त्यामुळे जनरल फंडात, म्हणजे टाउनच्या स्वतःच्या तिजोरीत, तेवढेच पैसे सुटले. त्यातून हीटिंग होईल असं मी धरून चालले, पण काउन्सिलने ते प्रॉपर्टी टॅक्स वाढू नये म्हणून वापरले. जानेवारीत त्या हॉलमध्ये आजी-आजोबा अंगात कोट घालून पत्ते खेळत होते. मला तिथे उभं राहवेना.

तुम्हीही हाच रस्ता धरा, पण पुढचं पाऊल पक्कं करा. ३१ डिसेंबर २०२४ पूर्वी ऑब्लिगेट झालेला, नियमात बसणारा दुसरा खर्च शोधा आणि चाळीस हजार त्यावर टाका. पेन्शन फंडात भरणा किंवा कर्जफेड दाखवू नका, ते रेव्हेन्यू लॉसमध्येही चालत नाही. सुटलेला स्वतःचा पैसा मैदानालाच जाईल, असा ठराव त्याच बैठकीत, आकड्यासकट करून घ्या. पुढच्या बैठकीपर्यंत थांबलात तर त्या पैशाला दहा वाटा फुटतात.

आणि जुन्या पर्चेस ऑर्डरवरची सहीची तारीख स्वतः डोळ्यांनी बघा, स्कॅन करून ठेवा. प्रत्यक्ष खर्चाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ आहे, पण कागदपत्रं सगळे पैसे खर्च झाल्यानंतरही पाच वर्षं सांभाळायची आहेत.