एफवायला आहेस? मेंटॉरना आधी भेट

प्रवेश मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन! नोटीस बोर्डावर मेंटॉरची, म्हणजे विषय निवडायला आणि अडचणीत मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांची, यादी लागली की आपलं नाव शोध आणि पहिल्या पंधरवड्यातच जाऊन भेट. ते बोलावतील म्हणून थांबू नकोस. आपलेच सर-मॅडम तासिका सांभाळून हे काम करतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे हात हलवत जाणं. "मॅडम, मी काय घेऊ?" याला उत्तर देणं अवघड असतं. "मला पुढे बीएड करायचंय, मेजर (मुख्य विषय) मराठी आहे, मायनरला (दुय्यम विषयाला) इतिहास बरा की भूगोल?" असं विचारलंस तर मॅडम खुर्ची पुढे ओढून अर्धा तास बोलतील.

सध्या एवढंच सांभाळ:

- वहीच्या शेवटच्या पानावर क्रेडिटचा (विषय पास झाल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांचा) हिशेब ठेव. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात.
- ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडायचा विषय) मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं असतं. मैत्रिणीनं घेतलं म्हणून घेऊ नकोस.
- एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढताना आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का बघ.

आणि विषय राहिला तर लपवू नकोस गं. मी लाजेपोटी दोन महिने गप्प बसले, तोवर एटीकेटीचा (राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा) फॉर्म भरायची तारीख उलटून गेली होती. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आधी का नाही आलीस?"

चौथं वर्ष, ऑनर्स, मधूनच बाहेर पडायचे पर्याय हे आत्ता डोक्यात नको. ते दुसऱ्या वर्षी बोलू.