प्रथमच फवारणीला जाणाऱ्यांना सल्ला

यंदा तुम्ही प्रथमच रोजाने फवारणीला जात आहात, म्हणून कळकळीने सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी छातीच्या वर गेली की औषधाचे तुषार थेट नाकातोंडावर येतात, त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि भर उन्हात फवारणी करू नका. मास्क, हातमोजे व चष्मा मालकाकडून मागून घ्या. ते देणे त्याचे कर्तव्यच आहे. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर ते औषध अतिविषारी समजावे. नोझल तुंबल्यास तोंडाने मुळीच फुंकू नये. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा लाळ सुटल्यास काम तत्काळ थांबवून, कपडे बदलून, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा, कारण डबा पाहिल्यावर डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येतो.