सम आकड्यांवरच थांबणारा स्लायडर

व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं पॅनेल अरुंद असतं आणि त्यात बसवायची नियंत्रणं वीस-पंचवीस. ही पॅनेलं बनवणाऱ्यांचे प्रश्न गेले काही महिने फिरून फिरून तेच येत आहेत. म्हणून या वेळी एकगठ्ठा उत्तरं.

प्रश्न: गोल फिरवायचा नॉब ठेवावा की सरळ सरकवायचा स्लायडर? नॉब जास्त ‘प्रोफेशनल’ दिसतो, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणजे कोण? यंत्रावरचा नॉब बोटांच्या चिमटीसाठी असतो, आणि माउसला चिमूट नसते. जागा चौकोनीच उरली असेल तर नॉब ठेवा, पण तो उभ्या ड्रॅगनं फिरू द्या. कर्सरला गोल गोल घुमवायला लावू नका.

प्रश्न: आमचा सॅच्युरेशनचा (रंगाच्या तीव्रतेचा) स्लायडर 100 पिक्सेल रुंद आहे आणि मूल्यं 0 ते 200. टेस्टरना 137 वर थांबताच येत नाही. माउसची संवेदनशीलता कमी करायला सांगू का?

माउसचा काय दोष? 200 भागिले 100 करून पाहा. कर्सर एक पिक्सेल सरकला की मूल्य 2 नं बदलतं, म्हणजे तुमचा स्लायडर फक्त सम आकड्यांवर थांबतो. 137 त्यात नाहीच.

स्लायडर अंदाजासाठी असतो, अचूकतेसाठी शेजारी आकडा लागतो. त्या आकड्यावर क्लिक केलं की टाइप करता यावं, आणि तोच धरून ओढला तर मूल्य बदलावं. हे ओढणं सापेक्ष ठेवा: कर्सर कुठे आहे याला महत्त्व नाही, किती सरकला एवढंच मोजायचं. मग 40 पिक्सेलांच्या खोक्यातही अख्ख्या स्क्रीनची लांबी वापरता येते. एक की दाबली की चाल दहापट बारीक, दुसरी दाबली की दहापट मोठी. आकड्यांसाठी सारख्या रुंदीचे अंक असलेला फॉन्ट घ्या, नाहीतर 111 वरून 188 वर जाताना मजकूर थरथरतो. कोणती की कशासाठी, हे मात्र मनानं ठरवू नका. तुमचे एडिटर आधी कोणतं सॉफ्टवेअर वापरत होते, ते विचारा.

प्रश्न: डबल-क्लिकवर रीसेट ठेवावं का?

हो. आणि ते अंडू करता आलं पाहिजे.

प्रश्न: पॅनेलला आमच्या ब्रँडची निळसर छटा चालेल का?

रंग दुरुस्त करायच्या पॅनेलला नाही. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. निळ्याच्या कुशीतला राखाडी पिवळट भासतो. तटस्थ राखाडी ठेवा आणि एखाद्या कलरिस्टला, म्हणजे व्हिडिओचे रंग जुळवणाऱ्या माणसाला, दाखवून घ्या.

प्रश्न: स्लायडरवर कर्सर नेऊन माउसचं चाक फिरवलं की मूल्य बदलेल, अशी सोय देत आहोत. वरखाली करायची बटणं वाचतात. आपलं मत?

माझं मत ऐकायला बसून घ्या.

पॅनेल लांब आहे, म्हणजे ते स्क्रोल होणार. एडिटर खालचं काही शोधायला चाक फिरवतो. पॅनेल सरकतं, कर्सर जागच्या जागी राहतो, आणि त्याच्याखाली नेमका टिंटचा, म्हणजे चित्राची हिरवट-जांभळट झाक ठरवणारा, स्लायडर येतो. उरलेलं चाक तो गिळतो. टिंट 0 चा 4 होतो, आणि माणसाचे डोळे तेव्हा पॅनेलच्या तळाशी असतात. ट्रॅकपॅडवर तर बोट उचलल्यावरही स्क्रोल क्षणभर वाहत राहतो. मूल्य बदलताना नियंत्रणाला कुणाचा हातही लागलेला नसतो!

एका कामात मुलाखतीतल्या सगळ्या चेहऱ्यांवर हिरवट झाक आली होती. पाठवायच्या आदल्या रात्री कळलं. तोवर प्रोजेक्ट दोनदा बंद करून उघडलेला, त्यामुळे अंडूचा इतिहास पुसलेला. सबंध रात्र आम्ही कॅमेऱ्याला दोष देत होतो.

तेव्हा चाक चालू करायचंच असेल तर आधी क्लिक करून निवडलेल्या नियंत्रणापुरतं. पॅनेलवर सुरू झालेला स्क्रोल संपेपर्यंत पॅनेलचाच राहील, हेही बघा. मूळ मूल्यापासून हललेल्या प्रत्येक नियंत्रणाशेजारी ठिपका हवा. नुसता रंग बदलून भागत नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक एडिटिंगही करतात. एक ड्रॅग म्हणजे अंडूची एक पायरी, तीनशे नाहीत. ड्रॅग चालू असताना एस्केप दाबलं की जुनं मूल्य परत यावं. अंडूच्या यादीत नुसतं ‘बदल’ लिहू नका, ‘टिंट: 0 वरून 4’ असं लिहा. आणि हे सगळं प्रत्यक्ष एडिटरच्या शेजारी तासभर गप्प बसून तपासा.

प्रश्न: आम्ही तयार नियंत्रणांचा संच विकत घेतला. ‘पूर्णपणे अ‍ॅक्सेसिबल’ (म्हणजे अपंगांनाही वापरता येणारा) असं त्यावर लिहिलंय. बटणं 16 पिक्सेलांची आहेत. बाकीची तपासणी रिलीजनंतर केली तर?

जाहिरातीतला शिक्का म्हणजे चाचणी नव्हे. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) एए या मधल्या पातळीला 24 बाय 24 सीएसएस पिक्सेलांची (वेबपानाच्या मापातले पिक्सेल) क्लिक करायची जागा मागितली आहे. त्याहून लहान चालतं, पण भोवती पुरेशी मोकळी जागा सोडली तर. चित्र 16 चंच राहू द्या, क्लिक घेणारा भाग वाढवा. त्याच आवृत्तीनुसार ड्रॅगनं होणारं काम ड्रॅगशिवायही झालं पाहिजे. स्लायडरशेजारचा आकडा इथेही कामी येतो. बोटांनी वापरायचं असेल तर 24 विसरा. अ‍ॅपल स्वतः 44 पॉइंट सुचवतं.

‘रिलीजनंतर’ म्हणजे अख्खं पॅनेल पुन्हा मांडणं. आत्ताच अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासणाऱ्या जाणकाराला बोलवा. कायद्याचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

प्रश्न: आवाजाचा स्लायडर अर्ध्यावर आणला तरी आवाज निम्मा वाटत नाही.

कान सरळ पट्टीनं मोजत नाही. डेसिबलची पट्टी घ्या आणि 0 च्या, म्हणजे मूळ आवाजाच्या, आसपास जास्त जागा ठेवा. काम तिथेच चालतं. पट्टी कशी वाकवायची, ते साउंड इंजिनिअरशी बोलून ठरवा.

प्रश्न: ड्रॅग करताना प्रीव्ह्यू अडखळतो. नियंत्रणच जड झाल्यासारखं वाटतं.

आकडा आणि स्लायडर प्रीव्ह्यूची वाट पाहायला लावू नका. ते हाताबरोबरच हलले पाहिजेत. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एका फ्रेमला 40 मिलिसेकंद मिळतात. ड्रॅग चालू असताना कमी रेझोल्यूशनचं चित्र दाखवा, बोट सुटलं की पूर्ण. आणि प्रोग्रॅमरला विचारा, रांगेत अडकलेल्या जुन्या मूल्यांची चित्रं टाकून देता, की एकेक करून रंगवत बसता?